सजग स्वप्नं अधिक ठळक आणि खरीखुरी कशी करायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वप्नात असतानाच 'अरे, हे तर स्वप्न आहे' हे उमगणं बऱ्याच जणांना जमतं. खरी तक्रार पुढची असते. उमगतं, पण सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं, हाताला काही लागत नाही, आणि दोन-चार सेकंदांत छतावरचा पंखा दिसायला लागतो. इथले प्रश्न मुख्यतः त्याच तक्रारीभोवतीचे आहेत.

सजग स्वप्न म्हणजे नेमकं काय? नुसतं ठळक स्वप्न म्हणजेच सजग स्वप्न का?

नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तापात पडलेलं स्वप्न अंगावर काटा येईल इतकं ठळक असू शकतं, पण त्यात 'मी झोपलोय' हे भान नसतं. उलट भान पक्कं असूनही आजूबाजूला पुसट राखाडी खोली असू शकते. भान असलेल्या स्वप्नाला इंग्रजीत ल्युसिड ड्रीम म्हणतात. हा शब्दप्रयोग डच मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडन यांनी 1913 मध्ये रूढ केला. आम्ही सरळ 'सजग स्वप्न' म्हणतो. 2016 मध्ये जुन्या पाहण्या एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार आयुष्यात एकदा तरी असं स्वप्न पडलेले लोक साधारण 55 टक्के, तर महिन्यातून एकदा किंवा जास्त वेळा पडणारे साधारण 23 टक्के आहेत.

हे खरंच झोपेत घडतं याला पुरावा काय? अर्धवट जाग असताना मनाचे खेळ चालू असतील!

ही शंका शास्त्रज्ञांनाही होती. रेम झोपेत, म्हणजे ज्या झोपेत सर्वांत जास्त स्वप्नं पडतात तिच्यात, शरीराचे स्नायू लुळे पडलेले असतात. डोळ्यांचे स्नायू मात्र सुटे असतात. इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी 12 एप्रिल 1975 रोजी याचाच फायदा घेतला. ॲलन वर्स्ली यांनी झोपण्याआधी ठरवल्याप्रमाणे स्वप्नातून डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून खूण केली. ती यंत्रावर उमटली आणि त्या वेळी मेंदूच्या लहरी रेम झोपेच्याच होत्या. पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवलं. 2021 मध्ये तर चार देशांतल्या प्रयोगशाळांनी झोपलेल्या माणसाला 'आठातून सहा गेले किती?' असं विचारलं आणि डोळ्यांच्या दोन हालचालींनी उत्तर मिळवलं.

स्वप्नातलं दृश्य जागेपणीइतकं खरं असू शकतं का, की ती कल्पनाच असते?

याचा एक प्रयोग झाला आहे, आणि तो तुम्हीही निम्मा करून पाहू शकता. हात लांब करून अंगठा हवेत हळू गोल फिरवा आणि नजर त्याच्यावर ठेवा. डोळे लोण्यासारखे सरकतात. आता डोळे मिटून तोच अंगठा मनात फिरवा. या वेळी नजर टप्प्याटप्प्याने उड्या मारते. लाबर्ज, बेअर्ड आणि झिम्बार्डो यांनी 2018 मध्ये हेच सजग स्वप्नात करवून घेतलं. तिथे डोळे सरकले, उड्या मारल्या नाहीत. म्हणजे निदान नजरेच्या यंत्रणेपुरतं तरी स्वप्नातलं पाहणं हे कल्पनेपेक्षा खऱ्या पाहण्याच्या जवळचं आहे.

तेव्हा ठळकपणाला वरची मर्यादा फार दूर आहे. आपण अडतो ते तिथवर पोचण्याआधीच.

माझी स्वप्नं धूसरच असतात. नेमका दोष कुठे शोधायचा?

तीन ठिकाणी, आणि याच क्रमाने.

पहिलं ठिकाण झोपेचे तास. दुसरं आठवण. पुष्कळदा स्वप्न चांगलं ठळक असतं, पण उठल्यावर मिनिटभरात त्याचा रंग उडतो, आणि मग आपण 'स्वप्नच फिकं होतं' असा निकाल देतो. तपासायची सोपी खूण अशी: जाग येताक्षणी, हलायच्या आत, शेवटच्या दृश्यातली एकच वस्तू धरा, समजा दाराची कडी. ती पितळी की लोखंडी हे सांगता आलं तर स्वप्न ठळक होतं, आठवण कच्ची आहे. त्या क्षणीही कडी नुसती 'कडी' असेल, तिला धातू, रंग, थंडपणा काहीच नसेल, तर दोष तिसऱ्या ठिकाणी आहे. ते ठिकाण म्हणजे स्वप्नात असताना तुमचं लक्ष कुठे होतं.

बहुतेक लोक थेट तिसऱ्यापासून सुरुवात करतात आणि महिनाभराने कंटाळून सोडतात. साडेपाच तास झोपणाऱ्या माणसाला स्वप्नातली कोणतीही युक्ती फारशी उपयोगाची नाही.

झोप किती हवी आणि त्यातली कोणती वेळ महत्त्वाची?

झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं. रात्रीच्या पहिल्या आवर्तनांत गाढ झोप जास्त आणि रेम अगदी थोडी, काही मिनिटांची. पहाटेकडे हे प्रमाण उलटतं आणि रेमचा तुकडा अर्ध्या तासावर जाऊ शकतो. म्हणून आठ तासांऐवजी सहा तास झोपलं की झोप पाव भागाने कमी होते, पण स्वप्नांचा तोटा पाव भागाहून बराच जास्त होतो. कापला जातो तो नेमका शेवटचा, सगळ्यांत श्रीमंत तुकडा.

नळाला पहाटे पाच वाजता पाणी येणाऱ्या घरांत, किंवा पहिल्या शिफ्टची गाडी पकडणाऱ्यांच्या बाबतीत हे रोज घडतं. त्यावर उपाय एकच, रात्री लवकर झोपणं. ते जमत नसेल तर सराव सुट्टीच्या दिवसावर ढकला. साडेदहाला झोपून साडेसहाला उठणारी एक रात्र ओढाताणीच्या पाच रात्रींपेक्षा जास्त देते.

स्वप्नवही कशी लिहायची? मला दोन ओळींच्या पुढे काही आठवत नाही.

दोन ओळींनी सुरुवात करा, हरकत नाही. क्रम मात्र पाळा. जाग आली की डोळे उघडू नका, कूस बदलू नका. आधी मागे मागे जात शेवटच्या दृश्यापासून तीन-चार दृश्यं पकडा आणि प्रत्येकाला एक शब्द द्या: जिना, मावशी, ओली चप्पल. मग उठा आणि आधी ते शब्द लिहा, गोष्ट नंतर. गोष्ट लिहायला बसलं की पहिला परिच्छेद सुंदर होतो आणि उरलेलं स्वप्न हातातून निसटतं.

ठळकपणासाठी वहीत एक भर घाला. प्रत्येक स्वप्नाखाली रंग, आवाज, स्पर्श, वास-चव असे चार शब्द लिहून पुढे 0 ते 5 गुण द्या. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं. बहुतेकांचं दिसणं 3-4, ऐकणं 2-3, स्पर्श 1 आणि वास 0 असतो. म्हणजे सराव कशाचा करायचा हे वहीच सांगते. मोबाइलवर लिहू नका. पडदा पेटला की आधी तीन संदेश दिसतात आणि मावशी जिन्यावरून गायब होते.

दिवसा काय सराव करायचा? 'मी स्वप्नात आहे का' हे दिवसातून पन्नास वेळा विचारून झालं, काही होत नाही.

पन्नास वेळा यांत्रिकपणे विचारलेला प्रश्न स्वप्नातही यांत्रिकपणेच विचारला जातो, आणि 'नाही, जागाच आहे' असं उत्तर मिळून पुढे सरकतो. पाच-सहा वेळा विचारा, पण मनापासून, आणि सोबत एक खरी चाचणी करा. नाक चिमटीत दाबून श्वास घेऊन पाहा. स्वप्नात नाक दाबलेलं असूनही श्वास येतो, कारण अंथरुणातलं खरं नाक मोकळंच असतं. चाचण्यांमध्ये हीच आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते. बोटं मोजण्याची चाचणीही चालते.

ठळकपणासाठी मात्र वेगळा सराव लागतो. रोज एक वस्तू, पाच मिनिटं. समजा लिंबू. आधी डोळे मिटून हातात धरा. थंड आहे का? देठाची जागा कुठे, सालीवरची छिद्रं बोटाला लागतात का, दाबलं तर किती दबतं? मग नखाने साल किंचित खरवडा आणि वास येईपर्यंत थांबा. वास नाकात कुठे बसतो ते पाहा. शेवटी डोळे उघडा आणि पिवळा रंग किती ठिकाणी किती वेगळा आहे ते बघा, देठाकडे हिरवट, एका बाजूला उन्हाने फिकट. मग लिंबू ठेवून द्या आणि तेच सगळं मिनिटभर आठवून पाहा. दुसऱ्या दिवशी दुसरी वस्तू: ओला दगड, तांदळात खुपसलेला हात, तापलेली गच्चीची फरशी.

स्वप्न बाहेरून फारसं काही घेत नाही, ते आठवणीच्या गोदामातून माल काढतं. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' म्हणतात, पण मनी वसायला आधी नीट पाहिलेलं असावं लागतं. नुसतं 'लिंबू' हा शब्द साठवला असेल तर स्वप्नातही शब्दच मिळतो.

पहाटे उठून पुन्हा झोपण्याची पद्धत नेमकी कशी करायची?

साडेदहाला झोपत असाल तर गजर चारचा लावा, म्हणजे साडेपाच तासांनी. पाच ते सहा तासांमधली कोणतीही वेळ चालते. उठा, पाणी प्या, स्वप्न आठवत असेल तर लिहा. मोठा दिवा लावू नका. दहा ते तीस मिनिटं जागे राहा. लगेच डोळा लागणाऱ्यांनी जास्त, झोप उडणाऱ्यांनी कमी.

मग आडवे व्हा आणि लाबर्ज यांची माइल्ड पद्धत वापरा. नुकतंच पडलेलं स्वप्न मनात परत चालवा. त्यात जी विचित्र गोष्ट होती (शाळेच्या वर्गात फ्रीज, वारलेले आजोबा चहा पिताहेत) तिथे थांबा आणि आपण ती ओळखतोय असं पाहा. सोबत एकच वाक्य: 'पुढच्या स्वप्नात मला कळेल की हे स्वप्न आहे.' ओळखल्यावर पहिली कृती कोणती, तीही इथेच ठरवा: 'हात चोळीन, भिंतीला हात लावीन.' ही शेवटची पायरी लोक गाळतात. स्वप्नात नवा बेत आखायला डोकं पुरेसं चालत नाही, आधी आखलेला मात्र आठवतो.

ऑस्ट्रेलियात 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेनहोम ॲस्पी यांच्या अभ्यासात दिवसभराच्या चाचण्या, पहाटेची जाग आणि माइल्ड हे तिन्ही एकत्र करणाऱ्यांना आठवड्याभरात साधारण 17 टक्के रात्री यश आलं. माइल्ड संपल्यावर पाच मिनिटांत झोप लागलेल्यांचं यश 46 टक्के होतं. तेव्हा वाक्य घोकत तासभर कुशी बदलण्यात अर्थ नाही. वीस मिनिटांत झोप आली नाही तर पद्धत सोडून द्या आणि साधे झोपा.

आठवड्यातून एक-दोन रात्रीच. रोज केलं तर झोप तुटते, आणि तुटलेल्या झोपेत स्वप्नं आणखी धूसर होतात.

स्वप्न उमगलं! आता पहिल्या दहा सेकंदांत काय करू?

काही भव्य करू नका. ओरडू नका, उडू नका, कोणाला मिठी मारायला धावू नका. उत्तेजना हे जाग येण्याचं पहिलं कारण आहे. छातीत धडधडलं की भान अंथरुणातल्या शरीराकडे खेचलं जातं.

थांबा. दोन्ही तळवे समोर आणा आणि एकमेकांवर घासा, हिवाळ्यात घासतो तसे, जोर लावून. पहिल्या क्षणी काहीच लागत नाही असं वाटेल. घासत राहा. दोन-तीन सेकंदांत आधी आवाज येतो, मग खरखर, मग ऊब. ऊब जाणवली की आजूबाजूचं दृश्यही घट्ट झालेलं असतं, बहुतेक वेळा तुमच्या लक्षातही न येता. हे का चालतं? मेंदूला एका वेळी एकाच शरीराची पुरेशी जाणीव ठेवता येते, असा अंदाज आहे. स्वप्नातले हात गरम होत असतील तर गादीवर पडलेल्या हातांची खबर आत येत नाही.

मग भिंत, जमीन, झाड, जे जवळ असेल त्याला पूर्ण तळवा लावा. बोटाच्या टोकाने नको, तळव्याने. मोठ्याने बोला: 'भिंत गार आहे. चुन्याचे पोपडे आहेत. एक पोपडा निघतोय.' बोलण्याने दोन कामं होतात. लक्ष भरकटत नाही, आणि तुम्ही जे बोलता ते स्वप्न पुरवायला लागतं. पोपडा म्हटलंत की पोपडा दिसतो.

यानंतर दिसण्याकडे या. जवळच्या वस्तूंपासून सुरुवात करा आणि कोणत्याही एका गोष्टीवर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त नजर रोखू नका. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल थोली स्वप्नातून मुद्दाम जागं व्हायचं असेल तर एका बिंदूवर टक लावायला सांगत. आपल्याला नेमकं उलट हवं आहे. हात, भिंत, जमीन, परत हात. 'अजून स्पष्ट!' असा सरळ हुकूमही द्या. हास्यास्पद वाटतं, पण ज्यांना त्यावर विश्वास आहे त्यांच्याबाबतीत चालतं. अपेक्षा हीच स्वप्नाची कच्ची सामग्री आहे.

हे सगळं वीस सेकंदांचं काम आहे. पुढे दर अर्ध्या मिनिटाने एकदा काहीतरी हाताळा. विसरलात तर दृश्य आधी कडांकडून पातळ होतं, मग आवाज जातात. कडा पातळ होताना दिसल्या की लगेच हात चोळा. आवाज गेल्यावर बहुधा उशीर झालेला असतो.

हात चोळूनही विझलंच तर?

दृश्य जातंय पण स्वप्नातलं शरीर अजून जाणवतंय, असा एक क्षण असतो. तेव्हा स्वतःभोवती गरगर फिरा, लहानपणी अंगणात फिरायचो तसे, हात पसरून. ही युक्तीही लाबर्ज यांचीच. फिरताना कुठे पोचायचं ते बोलत राहा: 'थांबेन तेव्हा आजोळच्या पडवीत असेन.' दृश्य बहुधा बदलतंच, म्हणून चालू असलेलं चांगलं दृश्य टिकवायला हा उपाय वापरू नका. तो बुडत्या जहाजासाठी आहे.

एक धोका असा की फिरणं थांबल्यावर आपण आपल्याच अंथरुणात असतो आणि 'जाग आली' असं वाटतं. पुष्कळदा ती खोटी जाग असते. नाक दाबून पाहिल्याशिवाय वही उघडू नका.

सगळंच गेलं आणि खरी जाग आली, तरी हलू नका. डोळे मिटून तसेच पडून राहा आणि शेवटचा स्पर्श आठवत राहा. मिनिटभरात परत आत जाता येतं, विशेषतः पहाटे.

स्वप्नात सगळा अंधार असतो. दिवा लावायला जातो तर लागत नाही.

ही फार सार्वत्रिक अडचण आहे. हर्न यांनी 1981 मध्ये तिची नोंद केली होती: स्वप्नात बटण दाबूनही दिवा नीट लागत नाही. दृश्याचा प्रकाश एकदम वाढवणं स्वप्नाला जड जातं असं दिसतं. बटणाशी झगडू नका. दार उघडून बाहेर जा, आणि उघडण्याआधी म्हणा 'बाहेर दुपार आहे'. पडदा सरकवणंही चालतं. डोळे चोळणं किंवा जोरात मिटून उघडणं टाळा, त्यात खरे डोळे उघडण्याचा धोका आहे.

अक्षरं बदलतात, चेहरे बदलतात. ते स्थिर करता येतात का?

फारसे नाही. पाटी एकदा वाचली, नजर हटवून परत वाचली की मजकूर वेगळा. बाहेर खरी पाटी नसल्याने मेंदू दर वेळी नव्याने मजकूर बनवतो. म्हणून तर ती चांगली चाचणी आहे. खरेपणाचा आनंद हवा असेल तर वाचनाच्या मागे लागू नका. पोत, पाणी, कापड, झाडाची साल यांत स्वप्न कितीतरी उदार असतं.

वास आणि चव कधीच येत नाही.

साध्या स्वप्नांत वास-चव मुळातच दुर्मीळ असतात, तेव्हा वहीत शून्य असेल तर तुम्ही एकटे नाही. तीव्र आणि लहानपणापासून ओळखीच्या गोष्टी निवडा: तिखट-मीठ लावलेली कैरी, भाजलेली कॉफी, पहिल्या पावसाची माती, ओवा. स्वप्नात चव बघण्याआधी वस्तू हातात धरा, नाकाशी न्या, मग जिभेला लावा, दिवसाच्या सरावात केलं त्याच क्रमाने. पहिल्या वेळी कैरी कागदासारखी किंवा भलत्याच चवीची लागेल. लागली तरी चघळत राहा. पहिल्या घासाला काही नाही आणि तिसऱ्याला आंबट, असा अनुभव पुष्कळांचा आहे.

स्वप्नं कृष्णधवल पडतात. रंग आणता येतो का?

आधी खात्री करा की आठवण कृष्णधवल नाही. लहानपणी कृष्णधवल टीव्ही आणि सिनेमे पाहिलेल्या पिढीत अशी स्वप्नं जास्त सांगितली जातात, तेव्हा तुम्ही साठीच्या पुढे असाल तर आश्चर्य नाही. सजग असताना रंग मागायचा असेल तर 'रंग ये' म्हणण्यापेक्षा 'हा शालू कोणत्या रंगाचा आहे?' असं विचारा. प्रश्नाला स्वप्न उत्तर देतं.

उडायला लागलं की खालचं सगळं नकाशासारखं सपाट होतं.

होणारच. हाताशी काही नाही, आणि तपशील लांब. छताच्या उंचीवर उडा, कौलांवर हात फिरवा, अधूनमधून उतरा. वाऱ्याचा गालावरचा स्पर्श मागा.

बाहेरून काही करून स्वप्नात स्पर्श घालता येतो का?

थोडाफार. डिमेंट आणि वोल्पर्ट यांनी 1958 मध्ये झोपलेल्यांच्या अंगावर गार पाणी शिंपडलं तेव्हा 42 टक्के वेळा ते कुठल्या ना कुठल्या रूपात स्वप्नात शिरलं. प्रकाश त्याहून कमी वेळा, आणि साधा आवाज सर्वांत कमी. शेजारच्या कुकरची शिट्टी स्वप्नात आगगाडी होते हे आपल्याला ठाऊकच आहे. पण घरी याचा उपयोग करणं अवघड. शिंतोड्याने स्वप्न ठळक होण्यापेक्षा घरातला कोणी तरी वैतागण्याची शक्यता जास्त. लाल दिवे लुकलुकवणारे मुखवटे मिळतात. ते सजग व्हायला मदत करू शकतात, ठळकपणाला नाही.

गोळ्या, औषधं, जायफळ?

ब-6 जीवनसत्त्वाबद्दल सर्वांत जास्त विचारणा होते. 2018 मध्ये ऑस्ट्रेलियात शंभर जणांवर झालेल्या प्रयोगात पाच रात्री झोपण्याआधी 240 मिलिग्रॅम दिल्यावर स्वप्नं जास्त आठवली. ठळकपणा, रंग, विचित्रपणा यांत मात्र फरक पडला नाही. म्हणजे आपल्याला हवं ते त्यातून मिळत नाही. शिवाय ही मात्रा रोजच्या गरजेच्या शंभरपटीहून जास्त आहे, आणि बराच काळ घेतली तर हातापायांच्या नसा बधिर होऊ शकतात.

गॅलँटामाइनचा परिणाम खरा आहे. 2018 च्या अभ्यासात 121 जणांमध्ये, पहाटे उठण्याच्या पद्धतीसोबत, गोळीत औषध नसताना 14 टक्के, 4 मिलिग्रॅमला 27 आणि 8 मिलिग्रॅमला 42 टक्के लोकांना सजग स्वप्न पडलं, आणि स्वप्नं जास्त ठळकही होती. पण हे अल्झायमरचं औषध आहे. मळमळ होते, झोप उडते, नाडी मंदावू शकते. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना ते धोक्याचं आहे. डॉक्टरांशिवाय नाही, आणि केवळ हौसेसाठी आम्ही सुचवणार नाही.

जायफळ दुधात चिमूटभर उगाळून घेतात ते ठीक. 'स्वप्नं रंगतात' म्हणून चमचा-दोन चमचे पूड खाणं ही विषबाधा आहे: उलट्या, धडधड, भ्रम, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत टिकणारी गुंगी.

दारू, चहा, उकाडा यांचा किती फरक पडतो?

दारू रात्रीच्या पूर्वार्धातली रेम झोप दाबते आणि उत्तरार्धात झोप तोडते. गांजाही रेम दाबतो. सोडल्यावर काही दिवस स्वप्नं अंगावर येण्याइतकी ठळक होतात, ती दबलेली रेम उसळून वर येते म्हणून. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्यांनीही रेम कमी होते, पण स्वप्नांसाठी त्या स्वतःहून बंद करू नका.

चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. दुपारी चारनंतरचा कप सोडा.

उकाड्याचा फरक लोकांना वाटतो त्याहून जास्त. रेम झोपेत शरीराचं तापमान सांभाळण्याची यंत्रणा जवळजवळ बंद असते, त्यामुळे खोली फार गरम किंवा फार गार असली की शरीर रेममधून बाहेर पडतं. विदर्भातल्या मे महिन्यात सराव जमत नाही म्हणून खट्टू होऊ नका. कूलर असेल तर पहाटेपर्यंत चालू ठेवा, नाहीतर पावसाळ्याची वाट पाहा.

कोणी करू नये? जाग आल्यावर हलताच येत नाही, तो प्रकार धोकादायक आहे का?

तो स्लीप पॅरालिसिस. डोकं जागं झालं, पण रेममधला स्नायूंचा लुळेपणा अजून उतरलेला नाही. छातीवर कोणी बसलंय असं वाटतं, खोलीत कोणी दिसतं. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत ते आपोआप सुटतं. पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा आणि श्वास संथ ठेवा. पहाटे वारंवार उठवल्याने हे वाढू शकतं.

ज्यांना भास होण्याचा आजार किंवा बायपोलर आहे, ज्यांना जागेपणी आणि स्वप्नात गल्लत होते, ज्यांची झोप आधीच मोडलेली आहे, त्यांनी हे करू नये. आणि लक्षात घ्या, ठळकपणा वाढवला की तो भीतीलाही मिळतो.

मला डोळे मिटून काहीच 'दिसत' नाही. मग स्वप्न कसं दिसणार?

या स्थितीला 2015 पासून अफँटेशिया म्हणतात. असे बरेच लोक स्वप्नात मात्र नीट पाहतात, कारण मुद्दाम आठवून पाहणं आणि स्वप्नात आपोआप दिसणं या वेगळ्या वाटा आहेत. माइल्ड करताना चित्र उभं करण्याऐवजी शब्दांत सांगा किंवा हालचाल अनुभवा.

हे म्हणजे योगनिद्राच ना?

नाही. योगनिद्रेत सूचना ऐकत, जागेपण आणि झोप यांच्या सीमेवर पडून राहायचं असतं, स्वप्नाच्या आत शिरायचं नसतं. जवळचं नातं तिबेटी बौद्ध परंपरेतल्या स्वप्नयोगाशी आहे. पण तिथे स्वप्न ओळखायचं ते त्याचा फोलपणा पाहण्यासाठी, कैरी चाखण्यासाठी नव्हे.

पहाटे चारचा गजर लावला की सगळं घर उठतं. काय करू?

मनगटावरचा थरथरणारा पट्टा सर्वांत सोयीचा, आणि आवाजाच्या गजरासारखा तो दचकवतही नाही, त्यामुळे स्वप्न हातात राहतं. तो नसेल तर झोपताना दोन पेले पाणी जास्त प्या. साधारण योग्य वेळी जाग येते, फक्त मिनिटांचा भरवसा नाही.